फोटोशॉपमध्ये शेंदरी, फोनवर फिका, फ्लेक्सवर विटकरी: रंग नेमका पळतो कुठे?

गेल्या गणपतीतली गोष्ट. एका मंडळाचा १० बाय ८ फुटी फ्लेक्स करत होतो. मूर्तीचा फोटो, त्यावर टॅब्लेटने पेंटिंग, मागे झेंडूच्या माळा, बाप्पाच्या खांद्यावर निळाशार शेला. माझ्या स्क्रीनवर शेंदरी असा पेटलेला की मीच दहा मिनिटं नुसता बघत बसलो. जेपेग काढून कार्यकर्त्याला व्हॉट्सअॅप केली आणि पाचव्या मिनिटाला फोन, "दादा, बाप्पा आजारी दिसायलेत." माझ्या फोनवर उघडून बघितलं तर खरंच की, शेंदराचा सगळा तजेला गेलेला. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वीसने वर. परत फिकं. परत वर. तिसऱ्या वेळी फोनवर बरं दिसलं, ओके आला, फाइल छापायला गेली, आणि फ्लेक्स उलगडला तेव्हा शेंदरी विटकरी झालेला, शेला वांगी रंगाचा आणि झेंडूच्या माळा म्हणजे नुसता नारिंगी चिखल, एक पाकळी सुटी दिसेल तर शपथ.

हा प्रॉब्लेम मला एकट्याला नाहीये. दर दिवाळी-गणपतीला, लग्नसराईत कुणी ना कुणी हेच विचारतं आणि उत्तर म्हणून बाकीचे एकच सांगतात, "सीएमवायकेमध्ये कर," म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत बदल. ते उत्तर अर्धवट आहे आणि कधीकधी चक्क चुकीचं. कारण रंग एका ठिकाणी बिघडत नाही, चित्र चार-पाच नाक्यांवरून जातं आणि कुठल्याही नाक्यावर तो अडकू शकतो. नाका न शोधता चित्रच एडिट करत बसलं की माझ्यासारखं होतं, फोनसाठी वाढवलेलं सॅच्युरेशन छपाईत नडलं.

आधी मुळात काय होतंय ते. फोटोशॉपमधला रंग म्हणजे तीन आकडे, लाल-हिरवा-निळा, ० ते २५५. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. "कापड दहा विती आण" म्हटलं तर कोणाची वीत? माझी की पोराची? कलर प्रोफाइल म्हणजे ती कोणाची वीत आहे हे सांगणारी चिठ्ठी, फाइलच्या आत ठेवलेली. एसआरजीबी ही छोटी वीत, १९९६ ची, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणलेली, आणि इंटरनेटवर चिठ्ठी नसली की सगळे हीच धरून चालतात. अॅडोबी आरजीबी १९९८ ची, हिरव्या-निळसर बाजूला बरीच मोठी. आणि आयफोन-आयपॅडवाली डिस्प्ले पी३ तिसरीच.

विश्वास बसत नसेल तर करून बघा, दोन मिनिटांचं काम. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी डॉक्युमेंट घ्या, २५५, ०, ० असा लालभडक भरा, एफ ८ दाबून इन्फो पॅनल उघडा. आता एडिट मेनूत कन्व्हर्ट टू प्रोफाइल, तिथे अॅडोबी आरजीबी १९९८ निवडा. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसणार नाही, पण इन्फोमध्ये लालचा आकडा २१९ झालेला असेल. रंग तोच, वीत मोठी म्हणून विती कमी भरल्या. आता ही फाइल चिठ्ठी न लावता बाहेर गेली तर पुढचं अॅप २१९ हा आकडा छोट्या वितीने मोजणार, आणि तुमचा लालभडक लाल थकलेला दिसणार. बाप्पा आजारी पडतात ते असे.

माझ्या केसमध्ये नेमकं हेच झालेलं. मूर्तीचा फोटो मित्राने त्याच्या डीएसएलआरवर काढला होता आणि कॅमेऱ्यात कलर स्पेस अॅडोबी आरजीबी लावून ठेवलेली. हे ओळखायची एक सोपी खूण आहे जी मला फार उशिरा कळली, अशा फोटोच्या फाइलचं नावच बहुतेक कॅमेऱ्यांत अंडरस्कोअरने सुरू होतं. नाव खालच्या रेघेने सुरू होताना दिसलं की सावध व्हायचं. आणि मी जेपेग सेव्ह करताना खाली आयसीसी प्रोफाइलची, म्हणजे त्या चिठ्ठीचीच, टिक काढलेली होती, का तर कधीतरी कुणीतरी सांगितलेलं की त्याने फाइल लहान होते. होते, फार तर तीन-चार केबीने. डोंबल.

तर आता शोधायचं कसं. मी एक चाचणी-पान करून ठेवलंय. नवीन एसआरजीबी डॉक्युमेंट, त्यात सहा-सात चौकोन: शुद्ध पांढरा, मधला राखाडी म्हणजे १२८, १२८, १२८, लाल, शेंदरी, पिवळा, गडद निळा, आणि एक कातडीचा रंग. खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंटची पट्टी. चिठ्ठीसकट पीएनजी करून ठेवायचं. रंगाची तक्रार आली की आधी हे पान उघडायचं, चित्र नंतर.

हे पान फोटोशॉपमध्ये उघडा आणि बाजूला विंडोजच्या साध्या पेंटमध्ये पण उघडा. पेंट चिठ्ठी वाचतच नाही, आकडे जसेच्या तसे स्क्रीनवर ओततो, म्हणून तर तो कामाचा. दोन्हीकडे पान साधारण सारखं दिसलं तर तुमची स्क्रीन-सेटिंग ठीक आहे, दोष चित्राच्या फाइलमध्ये आहे. पण फोटोशॉपमधला पांढरा पिवळट किंवा गुलाबट दिसतोय आणि पेंटमधला स्वच्छ पांढरा, तर मॉनिटरची प्रोफाइल गंडलेली आहे. हे लॅपटॉपवर फार होतं, एखाद्या विंडोज अपडेटसोबत किंवा ड्रायव्हरसोबत मॉनिटरची प्रोफाइल येऊन बसते आणि ती धड नसते. स्टार्टमध्ये कलर मॅनेजमेंट शोधा, डिव्हायसेसच्या टॅबवर तुमची स्क्रीन निवडा, यूज माय सेटिंग्जवर टिक करा, अॅड करून एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१ घ्या आणि ती डिफॉल्ट करा. फोटोशॉप बंद करून परत उघडा, त्याशिवाय फरक दिसत नाही, मी यात अर्धा तास घालवलाय. पांढरा पांढरा झाला तर चोर सापडला. हा कायमचा इलाज नाही हां, कायमचा इलाज म्हणजे कॅलिब्रेटर, स्क्रीनवर लटकवायचं ते छोटं मशीन. कुणा फोटोग्राफर मित्राकडे असेल तर एक दिवस उसनं आणा, प्रोफाइल बनवून परत करा.

तिसरी शक्यता, पेंटमध्ये लाल-शेंदरी डोळ्यात घुसेल इतका भडक आणि फोटोशॉपमध्ये शांत. म्हणजे तुमची स्क्रीन वाइड गॅमटवाली, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारी आहे आणि फोटोशॉप बरोबर दाखवतोय, पेंट चुकीचं. तिथे काही बिघडलेलं नाही, फोटोशॉपवर विश्वास ठेवा.

स्वस्तातल्या लॅपटॉपचं उलटं असतं. स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन एसआरजीबीचे सगळे रंगसुद्धा दाखवू शकत नाही, मग तुम्ही कितीही सॅच्युरेशन चढवा, तुम्हाला कमीच वाटणार आणि दुसऱ्याच्या फोनवर ते भगभगीत दिसणार. अशा स्क्रीनवर काम करणाऱ्याने डोळ्यापेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा ठेवायचा, आयड्रॉपर आणि इन्फो पॅनल, दुसरा उपाय नाही.

आणि हो, नाइट लाइट. हसू नका. रात्री दोनला काम संपवून सकाळी "अरे निळं का झालं सगळं" म्हणणाऱ्यांत मी पण होतो. नाइट लाइट सुरू असताना स्क्रीन पिवळट असते, मग आपण नकळत चित्रात निळं घालत जातो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ब्राइटनेसखाली अजून एक भानगड आहे, चित्रात काय आहे ते बघून ब्राइटनेस आपोआप बदलणारं बॅटरी वाचवायचं सेटिंग, ते ऑफ करा. नाहीतर गडद चित्र उघडलं की स्क्रीन वेगळी आणि फिकं उघडलं की वेगळी, आणि तुम्ही कर्व्हज ओढत बसता.

आता फाइलचा नाका. फोटोशॉपच्या विंडोत खाली डावीकडे डॉक्युमेंटचा साइज दिसतो ना, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून डॉक्युमेंट प्रोफाइल लावा. कायमचं तसंच ठेवा. आता कुठलीही फाइल उघडली की चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समोरच. अनटॅग्ड आरजीबी दिसलं तर चिठ्ठी हरवलेली आहे.

इथे दोन कमांड आहेत ज्यांची लोक हमखास अदलाबदल करतात. असाइन प्रोफाइल म्हणजे आकडे तेच, फक्त चिठ्ठी बदलायची, दहा विती त्याच, हात दुसऱ्याचा. म्हणून रंग बदलतो. कन्व्हर्ट टू प्रोफाइल म्हणजे कापड तेवढंच, नव्या हाताने परत मोजायचं, आकडे बदलतात आणि रंग शक्यतो तसाच राहतो. चिठ्ठी हरवलेल्या फाइलला असाइन, चिठ्ठी असलेल्या फाइलला दुसरीकडे पाठवायचं असेल तर कन्व्हर्ट. उलटं केलंत की गेलं काम. नेटवरून घेतलेली, चिठ्ठी नसलेली चित्रं असतील तर डोळे झाकून एसआरजीबी असाइन करा, दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं.

फोटोबॅशिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे जोडून चित्र करणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायचं. एक ढग या फोटोतला, एक देऊळ त्या फोटोतलं, पायऱ्या तिसऱ्या, आणि प्रत्येकाची वीत वेगळी. कलर सेटिंग्जमध्ये, म्हणजे कंट्रोल शिफ्ट के, प्रोफाइल मिसमॅचच्या पुढे आस्क व्हेन ओपनिंग आणि आस्क व्हेन पेस्टिंग या दोन्ही टिक करून ठेवा. दर वेळी खिडकी उघडून विचारेल, कटकट वाटेल, पण ती कटकट छापून आलेल्या फ्लेक्सपेक्षा स्वस्त आहे. पेस्ट करताना कन्व्हर्ट निवडायचं.

प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रांच्या अॅपवाल्यांसाठी एवढंच की नवीन कॅनव्हास घेताना यादीत साइजबरोबर एसआरजीबी किंवा पी३ असं लिहिलेलं असतं, ते न वाचता पहिल्यालाच बोट लावू नका. चित्र आयपॅडवरच बघायचं असेल तर पी३ झकास दिसतं. बाहेर जाणार असेल, छापणार असाल, तर सुरुवातच एसआरजीबीवर करा. शेवटी रंग कमी होताना बघण्यापेक्षा आधीपासून कमी रंगात काम केलेलं मनाला कमी लागतं.

एक्सपोर्टला फार काही नाही. फाइल, एक्सपोर्ट अॅज, खाली कलर स्पेसमध्ये कन्व्हर्ट टू एसआरजीबी आणि एम्बेड कलर प्रोफाइल, दोन्ही टिक. संपलं.

व्हॉट्सअॅपचं मात्र सांगतो कारण निम्मी भांडणं तिथली. फोटो म्हणून पाठवलं की ते अॅप फाइल नव्याने दाबून बनवतं. त्यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त दाबली जाते, म्हणून काळ्यावर लाल अक्षरं असली की कडा फाटल्यासारख्या, चिकट दिसतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं त्यामानाने साफ राहतात. क्लायंटला रंगाचा ओके घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती फाइल तशीच जाते. आणि क्लायंटच्या फोनची स्क्रीन व्हिव्हिड मोडवर असणार हे गृहीत धरा, बरेच फोन दुकानातून तसेच येतात. एकदा नॅचरल मोडवर करून बघायला सांगा. ऐकत नाहीत, पण सांगा.

आता माळांचा चिखल. हा प्रोफाइलचा दोष नव्हता, हा माझा होता. झेंडू, शेंदूर, गुलाल, हळद, आपल्याकडच्या सणातल्या सगळ्या वस्तू लाल चॅनल, म्हणजे तीन आकड्यांतला लालचा आकडा, फाडणाऱ्या. उन्हात काढलेल्या झेंडूच्या फोटोत लालचा आकडा आधीच २५० च्या वर असतो, त्यात सॅच्युरेशन चढवलं की सगळ्या पाकळ्या २५५ वर जाऊन चिकटतात आणि पाकळी-पाकळीतला फरक गायब. चॅनल्स पॅनल उघडा आणि फक्त रेडवर क्लिक करा. माळेच्या जागी सपाट पांढरा पट्टा दिसला तर तिथे आता काहीही उरलेलं नाही.

पण हिरवा चॅनल बघा. तिथे त्याच माळेच्या पाकळ्या अजून जिवंत असतात, सावल्यांसकट. म्हणून मी आता असं करतो: हिरव्या चॅनलवर क्लिक, सिलेक्ट ऑल, कॉपी, मग परत आरजीबीवर येऊन पेस्ट. वर एक काळा-पांढरा लेयर येतो. त्याचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करायचा, ओपॅसिटी २५ टक्क्यांच्या आसपास, आणि मास्क लावून फक्त फुलांवर ठेवायचा. पाकळ्या परत उठून येतात, एकदम जादू वाटते पहिल्यांदा. रंग थोडा गडद होतो, होऊ द्या, झेंडू तसाही जवळून बघितला तर आत गडदच असतो. मूर्तीच्या शेंदरावर पण हीच युक्ती चालते, फक्त तिथे ओपॅसिटी कमी, १५ पुरे, नाहीतर शेंदराचा गेरू होतो. फोटो तुम्हीच काढणार असाल तर एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली ठेवून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा म्हणजे ही कसरतच करावी लागणार नाही.

राहिला शेवटचा नाका, छपाई. इथे एक गोष्ट मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. स्क्रीनवरचा पेटलेला शेंदरी चार शाईंत छापताच येत नाही. स्क्रीन उजेड फेकते, शाई उजेड खाते. कंट्रोल वाय दाबून प्रूफ कलर्स, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याचा अंदाज, चालू करा, शिफ्ट कंट्रोल वाय दाबलं की जे रंग छापता येणार नाहीत ते राखाडी दिसतात, आणि माझ्या फाइलवर ते केलं असतं तर अर्धे बाप्पा राखाडी झाले असते.

फोटोशॉपमध्ये सरळ मोड बदलून सीएमवायके केलं की तो बहुतेक वेळा डिफॉल्टची यूएस वेब कोटेड स्वॉप प्रोफाइल वापरतो. ती अमेरिकेतल्या मासिकं छापणाऱ्या रोल-कागदाच्या ऑफसेट मशीनसाठी आहे. आपल्या चौकातल्या फ्लेक्सच्या मशीनशी तिचा काय संबंध? म्हणून ते "सीएमवायके कर" मला पटत नाही. दुकानदाराला आधी विचारा, कुठली फाइल पाहिजे, त्याच्या मशीनची प्रोफाइल आहे का. असेल तर उत्तम, प्रूफ सेटअपमध्ये तीच लावून बघा. नसेल आणि त्याची हरकत नसेल तर एसआरजीबीची टिफ चिठ्ठीसकट द्या, त्याचं सॉफ्टवेअर स्वतःच्या शाईप्रमाणे बदलेल. सीएमवायकेच पाहिजे म्हणाला तर द्या, पण मग निळ्याकडे लक्ष ठेवा. आरजीबीतला गडद निळा बदलून येताना त्यात सायन (निळसर) आणि मॅजेंटा (गुलाबी) या शाया जवळजवळ बरोबरीने येतात आणि छापल्यावर जांभळा दिसतो. दोघांत किमान ३० चा फरक ठेवायचा, म्हणजे सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या खाली, ६० केलं तर अजून निर्धास्त. माझा शेला यानेच वांगी झाला होता.

अक्षरं काळी असतील तर फक्त काळ्या शाईत, चारही शाईंचा काळा बारीक अक्षराला देऊ नका, थोडी जरी शाई सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

आणि शेंदरी जर भडक करताच येत नसेल तर करायचं काय? शेजार बदलायचा. हे चित्रकाराचं काम, सॉफ्टवेअरचं नाही. शेंदराच्या आजूबाजूची पिवळी-लाल गर्दी कमी करून तिथे जरा निळसर राखाडी, धुरकट तपकिरी आणलं की तोच छापील शेंदरी उठून दिसतो. मी दुसऱ्यांदा फ्लेक्स केला तेव्हा बाप्पाला हातच लावला नाही, मागच्या माळा उतरवल्या आणि मखराच्या आत संध्याकाळची निळसर सावली रंगवली. शेंदराचे आकडे पहिल्या फ्लेक्सपेक्षा कमी होते आणि दिसायला जास्त.

छापील अंधारं येतंय ही तक्रार असेल तर ती नव्वद टक्के वेळा स्क्रीनच्या ब्राइटनेसची असते. फोटोशॉपमध्ये कोरं पांढरं पान उघडा, बाजूला खरा पांढरा कागद धरा, खोलीत नेहमीची ट्यूब चालू ठेवा, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस इतका कमी करा की दोन्ही पांढरे एकमेकांच्या जवळ येतील. कॅलिब्रेटरवाले चौरस मीटरला साधारण १२० कँडेला उजेड धरतात, पण मशीन नसेल तर कागदही चालतो. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. सवय होते.

साइजवरून पण एकदा गोंधळ झालाय म्हणून जाता जाता, १० बाय ८ फुटाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, मागणारा कुणी भेटला तर गणित करून दाखवा, ते ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल होतात आणि फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल ३०,००० च्या पुढे सेव्हच होत नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी करावी लागते. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ भरपूर, म्हणजे ८,६४० बाय ६,९१२.

या सगळ्यानंतर मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. चाचणी-पानावर माझे नेहमीचे चोवीस रंग टाकले, सहा शेंदरी, चार झेंडू, चार निळे, तीन कातडीचे, बाकी किरकोळ, प्रत्येकाखाली त्याचा आकडा लिहिला आणि नेहमीच्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या तरी बॅनरच्या कडेला उरलेल्या जागेत फूटभर पट्टी छापून घेतली. ती आता टेबलासमोर भिंतीवर लावलीय. शेंदरी निवडताना स्क्रीनकडे नाही, त्या पट्टीकडे बघतो, चौथ्या नंबरचा शेंदरी त्या मशीनवर सगळ्यात बरा येतो. दुकान बदललं तर पट्टी परत छापायची, शाईची कंपनी बदलली तरी परत. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, "हा कसला बॅनर?" म्हटलं, माझाच आहे, मापात घ्या.